पथ्याचं पान

कागदावर तीनच गोष्टी अधोरेखित:
पांढरा मासा, भाज्या, फळं.
खाली त्या मुलीची वळणदार सही,
आणि तिखट, आंबट, नारळ यांच्यावर एकेक आडवी रेघ,
चुकलेल्या बेरजेवर मारतात तशी.
मी म्हटलं, अगं, मग उरलं काय?
ती म्हणाली, मावशी, मासा उरला की.

गणेश पेठेत इंदूबाई परदेशी
बर्फ सारत विचारते, पापलेट का सुरमई?
आजाऱ्यासाठी हवंय, मी सांगते.
तिचा हात थांबतो. मागच्या टोपलीतून
मुडदुशा काढते, रुपेरी, निमुळत्या.
"किती दिवस झाले?"
"तेहतीस वेळा मशीनखाली. आता महिना झाला घरी."
दोन जास्तीच्या टाकते पिशवीत, हिशेबाबाहेर,
आणि माझ्याकडे न बघता
पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसते.

मंडईत दुधी, गाजरं, अर्धीकच्ची पपई.
अंजीरवाला सासवडचा. खट्टा बहार संपला, ताई,
हा मीठा, म्हणत त्यानं एक फोडून दिलं.
आत इतकी गुलाबी गर्दी
की मला दुर्बिणीनं काढलेला घशाचा फोटो आठवला.
तरी खाल्लं. अर्धा डझन घेतली.

मनपाच्या स्टॉपवर, पिशवी पायांत धरून,
धानोरीची बस येईपर्यंत तोच विचार:
फळ आणि मासा, एका भांड्यात?
आमच्या कारवारात जायची कैरी, आंबाडे, बिमलं,
पण ती कुठली फळं, ती आंबटाच्या घरची माणसं.
गोड फळ माशापाशी म्हणजे
चुकून दुसऱ्याच मांडवात जेवायला बसलेला पाहुणा.

तिरफळांचा डबा मीच वरच्या फळीवर टाकलाय,
झाकण घट्ट लावून. तरी वास येतो.
चाळीस वर्षं मिरची वाटलेल्या या हाताला
आता चिमूटभर म्हणजे किती, कळत नाही.

तळाशी दुधीच्या फोडी, गाजर,
त्यावर पपईचे काप.
पपई मटण शिजवते, हे ठाऊक होतं,
मासा विरघळूनच जातोय की काय, ही धास्ती.
मुडदुशांची डोकी काढली, पाठीचा काटा
उसवल्या शिवणीचा दोरा ओढावा तसा ओढला.
बोट फिरवलं.
परत फिरवलं.
चष्मा बदलून फिरवलं.
अर्धी वाटी पाणी. झाकण. वाफ.
गॅस बंद केल्यावर अंजिराच्या चकत्या.

झाकण उघडलं तर लाल कुठेच नाही.
पांढरं, पोपटी, केशरी, मध्ये जांभळी कड.
कुणा दुसऱ्याच बाईच्या घरचं जेवण.

हेरंब पानावर बसले.
महिनाभर त्यांना सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं,
शिरा पुठ्ठा, वरण भिजलेला पुठ्ठा.
एके काळी माझ्या कालवणाला
"तुझ्या आईच्या हातची सर नाही" म्हणणारा माणूस
आता प्रत्येक घासाला छान म्हणतो,
आणि त्या छानचा मला संताप येतो.

कसं झालंय?
छान.

मग जबडा थांबला.
गालाच्या आत जीभ कशाच्या तरी मागे गेली,
डावीकडून उजवीकडे, दातांमागून,
अंधारात ओळखीच्या घरात चालावं तशी,
आणि ओठांवर आला
पापणीच्या केसाएवढा काटा.
त्यांनी तो चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवला,
मिठाशेजारी, टोक बाहेर,
जिथे ते नेहमी काट्यांची रांग लावायचे.

माझ्याकडून राहिला, मी म्हटलं.
मला सापडला, ते म्हणाले,
आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
मग वाटी पुढे केली.
अजून एक वाढ.
आणि हे अंजीर कुणी घातलं गं माशात?